बियाच्या कानात

त्या शाळेत शंभर टक्के निकाल एकाच गोष्टीचा लागत असे, तो म्हणजे चौथीच्या वर्गातल्या घेवड्याच्या बियांचा. मुलं नापास होत, शिक्षक आजारी पडत, छत गळे, मुख्याध्यापक येत आणि जात. पण खिडकीतल्या काचेच्या ग्लासात, ओल्या कापसावर ठेवलेलं बी नापास झालं, असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. निसर्गाला एवढी शिस्त कुणी लावली, हा प्रश्न कुणाला पडत नसे. शाळेत प्रश्न विचारायचं काम शिक्षकांचं असतं, आणि त्यांना उत्तरं आधीच ठाऊक असतात.

शिस्त बाईंनी लावली होती. बुधवारी मुलं ग्लासात बिया ठेवत. त्याच संध्याकाळी बाई घरी मूठभर बिया ओल्या फडक्यात बांधून वाडग्यात ठेवत. सोमवारी सकाळी, शाळा भरायच्या आधी, त्या डबा घेऊन वर्गात येत, एकेक ग्लास उजेडाला धरत, आणि ज्यातलं बी फुगून, बुळबुळीत होऊन, वास मारत पडलेलं असे ते चमच्यानं उचलून त्याच्या जागी घरचं मोड आलेलं बी ठेवत. मग कापूस सारखा करायचा, नावाची चिठ्ठी सरळ करायची, चमचा पुसायचा. हे सगळं इतक्या सफाईनं चाले, की चोरांनी त्यांच्याकडे शिकवणी लावावी.

वर्गाची किल्ली शिपायाकडे असल्यामुळे तो एकटाच या कटात सामील होता. सगळी शाळा त्याला मामा म्हणे.

"सरकारी बदलीला अर्ज लागतो, वशिला लागतो," मामा दाराला टेकून म्हणे. "तुमच्या बदल्या नुसत्या चमच्यावर."

"मामा, तुम्ही घंटेकडे बघा."

"घंटा माझ्याशिवाय वाजत नाही, बाई. सावकाश होऊ द्या."

बाईंना यात पाप वाटत नसे. सगळ्यांची हिरवी शेपटी वर आलीय आणि आपलंच बी तेवढं मुर्दाड निघालं, हे नऊ वर्षांच्या पोराला चारचौघांत कळावं, यापेक्षा मोठं पाप त्यांना दिसत नव्हतं. त्यातून बी ठेवण्याची त्यांची एक रीत होती. कापसात ठेवण्याआधी प्रत्येकानं बी मुठीत धरायचं, तोंडाशी न्यायचं आणि त्याच्या कानात काहीतरी सांगायचं. "अंधारात एकटं राहायचं असतं बिचाऱ्याला," बाई म्हणत. "सोबतीला काहीतरी द्या. मनात असेल ते." मग सगळा वर्ग डोळे मिटून पुटपुटू लागे. कुणाला सायकल हवी असे, कुणाला भाऊ हवा असे, कुणाला होता तो भाऊ नको असे.

आताचे मुख्याध्यापक नवीन आले तेव्हा त्यांनी हा प्रकार दारातून पाहिला आणि बाईंना बोलावून घेतलं.

"हा उपक्रम विज्ञानात धरायचा की मूल्यशिक्षणात?"

"अर्धा अर्धा धरा, सर."

"अर्ध्याला रकाना नाही, बाई."

शेवटी तो 'इतर' या सदरात गेला. श्रद्धेला सरकारदरबारी आजवर मिळालेली ती सगळ्यात मोठी जागा असावी.

बाईंच्या यजमानांनी मात्र या कारभाराला कधी मान्यता दिली नाही. ते पोस्टात होते. पत्रं पाहून ज्याच्या त्याच्या खणात टाकण्यात त्यांचा जन्म गेला. बाई बिया फडक्यात बांधत बसल्या, की ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "मी एक पत्र इकडचं तिकडे केलं तर माझी नोकरी जाईल. तू अख्खी पिढी इकडची तिकडे करतेस, तर तुला लोक आदर्श म्हणतात."

"अहो, मुलांची श्रद्धा असते ती. थट्टा नका करू."

"श्रद्धा त्यांची, मोड तुझे," ते म्हणत आणि पुन्हा पेपरात शिरत.

मागच्या वर्षी ते गेले. या वर्षी बाई निवृत्त व्हायच्या होत्या. घरी त्यांनी बिया फडक्यात बांधल्या तेव्हा थट्टा करायला कुणी नव्हतं, म्हणून गाठ जरा जास्तच घट्ट बसली.

या वर्षीच्या वर्गात एक वकील होती. म्हणजे वय नऊ, पुढचे दोन दात अर्धे आलेले. पण बाई एखादं वाक्य बोलल्या, की तिचा हात वर. "कशावरून?" पृथ्वी गोल आहे. कशावरून? खोटं बोलणं वाईट. कशावरून? 'वकील' हे तिचं नाव बाईंनीच ठेवलं होतं, आणि ते इतकं चिकटलं, की हजेरीत खरं नाव पुकारलं तर मुलंच मागे वळून बघत, ही नवीन कोण आली म्हणून. सुरुवातीला तिच्या दोन वेण्या आखीव असत, भांग पट्टीनं पाडल्यासारखा. मग शाळा सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी वेण्या बिघडल्या. एक कानाच्या वर, एक कानाच्या खाली, आणि दोन्ही बोटीला बांधायच्या दोरखंडासारख्या. आई दवाखान्यात होती. वेण्या बाप घालत होता.

बी ठेवायच्या बुधवारी वकील टेबलाशी आली. बाईंचे दोन्ही हात ओल्या कापसात होते, मागे रांग होती, आणि रांगेत एक जण दुसऱ्याच्या सदऱ्यात बी टाकत होता.

"बाई, कानात सांगितलेलं खरं होतं?"

"बी रुजलं की होतं."

"नक्की?"

"नक्की. चल, पुढे हो."

वकील पुढे झाली. त्या दिवशी तिनं 'कशावरून' विचारलं नाही. बाईंना तिथंच ठेच लागायला हवी होती. पण हात कापसात असले की माणूस बरंच काही बोलून जातो.

शनिवारी शाळा सुटल्यावर तिचे वडील आले. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. बोटांच्या पेरांवर पांढरी भुकटी बसलेली, आणि समोरच्याकडे बघताना एक डोळा बारीक करायची सवय. ते मुलांच्या बाकावर बसले. गुडघे छातीला लागले.

"डॉक्टरांनी काल हात टेकले, बाई," ते म्हणाले. "म्हणजे गोळ्या देतायत. पण त्या आता नुसत्या दुखू नये म्हणून."

बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पोरीला काही सांगितलेलं नाही. तिला म्हटलंय, येणार आई घरी. तिच्या आईसमोरही तेच म्हणतो. तीही म्हणते, हो, येणार." त्यांनी बोटं पँटला पुसली. पांढरे पट्टे उमटले. "ते तुमचं बी आहे ना? तिनं त्याला सांगितलंय. घरी आल्या आल्या म्हणाली, बाबा, बाईंनी नक्की म्हटलंय. मग मीही म्हटलं, बाई म्हणाल्या म्हणजे झालं."

खिडकीत ग्लासांची रांग होती. दोघांनीही तिकडे बघितलं आणि दोघांनीही नजर काढून घेतली.

"बाई, ते... रुजेल ना?"

डोक्यावर करडे केस आलेला माणूस. दिवसभर भिंगाच्या काचा मोजूनमापून घासतो. आणि घेवड्याच्या दाण्याबद्दल विचारत होता.

"रुजेल," बाई म्हणाल्या.

सोमवारी ते रुजलेलं नव्हतं.

या वर्षी पाचसहा बिया गेल्या होत्या. बाई एकेक काढत होत्या. मामा दाराला टेकून होता, पण आज बोलत नव्हता. वकिलीणबाईंचा ग्लास हातात आला तेव्हा मात्र हळूच म्हणाला, "हिची आई दवाखान्यात आहे, तीच ना? हिला चांगलं लांब मोडाचं द्या."

बाईंनी डब्यातलं सगळ्यात जोमदार बी निवडलं.

घंटा झाली. मुलं खिडकीवर तुटून पडली. आरडाओरडा, ढकलाढकली, "माझं बघ, माझं बघ." वकील सगळ्यात शेवटी गेली. तिनं आपला ग्लास उचलला, उजेडाला धरला. मग पेन्सिलच्या टोकानं बी हळूच फिरवलं. एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर. बराच वेळ बघत राहिली. बाई टेबलापाशी उभ्या राहून बघत होत्या.

"रुजलं," वकील म्हणाली.

"बघ! म्हटलं नव्हतं?"

"हो बाई." तिनं ग्लास जागेवर ठेवला, चिठ्ठी पुढे केली. "बाबांना सांगते. त्यांना बरं वाटेल."

पुढचे काही दिवस वर्गात विलक्षण शांतता होती. धडा सरसर पुढे जात होता. वकील हात वर करत नव्हती. बाई सांगतील ते उतरवून घेत होती, सगळ्यांसारखी. मुख्याध्यापक बाहेरून जाताना थांबले आणि समाधानानं मान हलवून गेले. त्यांच्या मते वर्ग प्रथमच रुळावर आला होता.

बाईंच्या जिवाला चैन पडेना. त्यांनी एक दिवस मुद्दाम गळ टाकला.

"वटवाघूळ हा एक पक्षी आहे," त्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या आणि वाट बघू लागल्या.

सगळ्या वर्गानं लिहून घेतलं. वटवाघूळ हा एक पक्षी आहे. वकिलीणबाईंनीही लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि पुढच्या वाक्यासाठी वर बघितलं.

बाईंनी ते वाक्य खोडायला लावलं. घसा दुखतोय म्हणून बाकीचा तास वाचन दिलं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात कसलासा वास येत होता. शोधताशोधता तो ओट्याखालच्या डब्यापर्यंत गेला. सोमवारचा डबा, वर्गातून काढून आणलेल्या बियांचा. एरवी बाई त्याच दिवशी तो कुंडीत रिकामा करत. या वेळी विसरल्या होत्या. त्यांनी नाक दाबून तो मोरीत उपडा केला आणि वरून पाणी सोडलं. कुजक्या बियांचा चिखल वाहून गेला, साली निघाल्या. एक बी जाळीवर अडकलं. त्याच्यावर काहीतरी होतं.

बाईंनी ते उचलून दिव्याखाली धरलं. टाचणीनं टोचून टोचून काढलेलं अक्षर होतं. वेडंवाकडं, बारीक. 'आ'.

पोरीनं खूण करून ठेवली होती. वकीलच ती, पुराव्याशिवाय कसा विश्वास ठेवील? उद्या कुणी म्हणालं असतं हे तुझं बी कशावरून, तर दाखवायला हवं. म्हणून तर ती सोमवारी पेन्सिलनं बी फिरवत होती. या कुशीवर, त्या कुशीवर. खूण शोधत होती. खूण नव्हती. तिला त्याच क्षणी सगळं कळलं. आपलं बी मेलं, आणि ते मेलं हे आपल्याला कळू नये म्हणून बाईंनी बदललं. मोठी माणसं बी कधी बदलतात, हे न कळण्याइतकी ती लहान नव्हती.

आणि मग ती म्हणाली होती, रुजलं. बाबांना बरं वाटेल.

बाई मोरीच्या कडेवर बसल्या. नळ तसाच चालू होता.

यजमान दवाखान्यात होते तेव्हाची गोष्ट. नाकात नळी, आवाज अर्धा झालेला. बाई त्यांचं पांघरूण सारखं करत होत्या, तर त्यांनी मनगट धरलं आणि म्हणाले, "ए, सोमवारी जरा लवकर ये. चमचा घेऊन."

जन्मभराची थट्टा होती. पण या वेळी ते हसत नव्हते. बाईंच्या तोंडाकडे बघत होते. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, आणि दार कुठून उघडायचं ते चाचपत होते.

"काहीतरीच तुमचं," बाई म्हणाल्या होत्या. "पुढच्या आठवड्यात घरी जायचंय आपल्याला."

त्यांनी मनगट सोडलं. थोडा वेळ भिंतीकडे बघितलं. मग, बायकोला वाईट वाटू नये म्हणून, विचारलं की घरी गेल्यावर खिडक्यांना रंग कोणता द्यायचा. आणि मग उरलेले सगळे दिवस दोघं खिडक्यांच्या रंगाबद्दलच बोलली. हिरवा नको, डोळ्यांवर येतो. पिवळा लवकर मळतो. ते गेले तेव्हा रंग अगदी पक्का ठरलेला होता.

बाईंनी नळ बंद केला. बी पुसून रुमालात बांधलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी वकिलीणबाईंना थांबवून घेतलं. मुलं बाहेर पळाली. मैदानातला कल्ला खिडकीतून आत येत होता. बाई मुलांच्या बाकावर, तिच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी रुमाल उघडला.

वकिलीणबाईंनी बघितलं. हात लावला नाही.

"हे माझं आहे."

"हो."

"मेलंय."

"हो. ते रुजलंच नाही. मी सोमवारी बदललं. दरवर्षी बदलते."

"माहितीय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही खूश होता," वकील म्हणाली. मग बाकाची कड नखानं खरवडत, खाली बघत, तिनं विचारलं, "बाई, मी टोचलं म्हणून मेलं का?"

बाईंनी रुमालाचं टोक सरळ केलं.

"माझंच आहे हे कळायला पाहिजे होतं, म्हणून टोचलं. 'आ' काढायला खूप टोचावं लागलं. आत पाणी गेलं असेल." ती आता भरभर बोलू लागली. "टोचलं नसतं तर रुजलं असतं. आणि रुजलं असतं तर आई..."

बाईंच्या जिभेवर 'छे गं' तयार होतं. वर्षानुवर्षं तेच सगळ्यात आधी यायचं. गोड, गुळगुळीत, मोड आलेलं. त्यांनी ते गिळलं.

"बियाचं मला खरंच माहीत नाही," त्या म्हणाल्या. "टोचल्यानं कुजलं असेल. नाहीतर आधीपासूनच किडकं असेल. पण आईचं मला माहितीय. तू टाचणी हातात घ्यायच्या कितीतरी आधीपासून आई आजारी आहे. बियाला कान नसतात, बाळा. ते मी सांगितलं. बियाचं आणि आईचं नातं मी जोडलं, हात कापसात असताना, उगाच. तू मला विचारायला हवं होतंस, कशावरून?"

"कशावरून?"

"कशावरूनच नाही. मला तसं वाटायला आवडायचं, म्हणून."

बाहेर कुणीतरी आउट झालं होतं आणि ते त्याला मान्य नव्हतं.

"मग आई घरी येणार नाही," वकील म्हणाली. तो प्रश्न होता की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

"नाही. डॉक्टर तसं म्हणालेत."

मुलगी रडली नाही. तिनं रुमालातलं बी उचललं आणि मूठ मिटली. "मला आईला एक विचारायचं होतं. घरी आली की विचारणार होते."

"काय?"

"वेणी," ती म्हणाली. "बाबांना जमतच नाही. ते ओढतात." आणि मग वेणीवरून तिला जे रडू फुटलं, ते मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी थांबेना. मामानं दारातून आत पाहिलं, बाकीच्या मुलांना बाहेरच अडवलं आणि, आयुष्यात पहिल्यांदाच, घंटा वाजवून झाल्यावर मैदानात त्यांना आणखी खेळायला लावलं.

शाळा सुटल्यावर बाई तिला घेऊन चष्म्याच्या दुकानात गेल्या. आतल्या खोलीत घासायचं यंत्र घरघरत होतं. वडिलांनी मुलीचे डोळे बघितले, यंत्र बंद केलं आणि तिला बाहेर बाकड्यावर बसवलं.

"काय सांगितलंत तुम्ही तिला?"

बाईंनी सांगितलं.

"तुम्हाला कुणी अधिकार दिला?" ते ओरडले नाहीत, दुकानात गिऱ्हाईक होतं. दबक्या आवाजातला राग जास्त भाजतो. "परवा म्हणालात, रुजेल. आज म्हणता, नाही रुजणार. आमच्या घराशी खेळ लावलाय का तुम्ही? मास्तरकी शाळेत करा. माझ्या पोरीला मी काय सांगायचं ते माझं मी बघतो."

"चूक झाली माझी," बाई म्हणाल्या. "मी 'नक्की' म्हणाले ती चूक. तुम्हाला 'रुजेल' म्हणाले ती चूक. आजचीही चूकच असेल, मला अजून कळलेलं नाही. पण तिला कळलं होतं हो. सोमवारीच. गेले इतके दिवस ती तुम्हाला सांभाळतेय, तुम्ही तिला सांभाळताय, आणि तिकडे तिची आई तुम्हा दोघांना. सगळे एकमेकांना घरी नेतायत. प्रत्यक्षात कुणी कुणाशी बोलत नाहीये." त्या थांबल्या. "मी खिडक्यांना कोणता रंग द्यायचा ते ठरवत बसले होते. यांच्याशी. शेवटपर्यंत."

ते त्यांना कळायचं कारण नव्हतं. पण त्यांनी एक डोळा बारीक करून बाईंकडे बघितलं, काचेतला चरा शोधावा तसं, आणि तो बहुधा सापडला.

दारात मुलगी येऊन उभी होती.

"बाबा, आईला वेणी विचारू या?"

बापानं भुकटीचे हात तोंडावर घेतले. हात काढले तेव्हा तोंड पांढरं झालं होतं. गिऱ्हाईक चष्मा न घेताच निघून गेलं.

दवाखान्याच्या खोलीत बाई आत गेल्या नाहीत. दाराबाहेरच्या बाकावर बसल्या. दार अर्धं उघडं होतं. पलंगाला टेकून बसवलेली तिची आई दिसत होती, तिचं वजन उशीनंच उचललेलं. मुलगी पलंगाच्या कडेला पाठमोरी बसली. मग आवाज आला तो बारीक रडण्याचा. एकाचा, मग दोघांचा, मग तिघांचा. बाई बाकावरून उठल्या, पुन्हा बसल्या. समोरच्या भिंतीवर हात धुण्याची सूचना होती. ती त्यांनी पाठ होईपर्यंत वाचली.

मग आतून एक थकलेला आवाज आला, पण त्यात जरा धार होती.

"अहो, तीन भाग करा. तीन. हे काय धरलंय?"

"तीनच आहेत."

"एक शेंडीएवढा आणि दोन झाडूएवढे? सारखे करा. काचा घासता ना? मग."

"ओढतात बाबा."

"ओढू नका हो, बैल नाहीये ती. डावा मधल्यावर. आता उजवा. घट्ट नाही, नुसता धरून ठेवायचा. हां." श्वास घ्यायला ती थांबली. "सोडा. पुन्हा घाला."

"चांगली झालीये की आता."

"पुन्हा घाला म्हणते ना. मला दिसू दे."

बाई हळूच उठून निघून गेल्या.

त्यानंतर रोज संध्याकाळी त्या खोलीत वेणी घातली आणि सोडली जात असे. फार दिवस नाही. पाऊण वेणी झालेली असताना एकदा आई झोपली, ती उठली नाही.

मुलगी पुन्हा शाळेत आली तेव्हा वर्गानं, वर्ग अशा वेळी करतो तसं, तिच्याकडे बघायचं टाळून सगळं बघितलं. भांग थोडा डावीकडे गेला होता. पण वेण्या सरळ होत्या. एका उंचीच्या, सैल नाहीत, घट्ट नाहीत.

ती दप्तर ठेवून थेट खिडकीपाशी गेली. घेवडे आता चांगले वीतभर वाढले होते, ग्लासाबाहेर माना काढून. तिनं आपल्या ग्लासावरची चिठ्ठी सोडवली आणि ग्लास आणून बाईंच्या टेबलावर ठेवला.

"हे तुमचं आहे."

"बरं," बाई म्हणाल्या. "आणि तुझं?"

"आईकडे दिलं. म्हणाली, माझ्याजवळ असू दे."

बाईंनी मान हलवली. त्यांना ग्लास हलवायला निमित्त हवं होतं, म्हणून त्यांनी तो उचलून पुन्हा खिडकीत ठेवला, यंदा कुणाच्याच नावाचा नाही असा. दारात मामा झाडू घेऊन उभा होता. त्यानं बाईंना नजरेनं विचारलं, पोर बरी आहे ना, आणि त्यांनी नजरेनंच सांगितलं, की झाडायचं ते झाडा.

तास सुरू झाला. वनस्पतींचा धडा होता. बाई फळ्याकडे तोंड करून बोलत होत्या, कारण वर्गाकडे तोंड करण्यात आज धोका होता.

"झाड कुठंही ठेवा," त्या म्हणाल्या, "ते उजेडाकडे वळतं."

मागे बाक करकरला. बाईंनी वळून पाहिलं. हात वर होता. डोळे सुजलेले, नाक लाल, आणि हात सरळ वर.

"कशावरून?"

बाईंना उत्तर येत होतं. ते पुस्तकात होतं, चित्रासकट. पण पुस्तक त्यांनी उघडलं नाही. त्यांनी खडू खाली ठेवला, खिडकीकडे बोट केलं.

"जा," त्या कशाबशा म्हणाल्या. "तो ग्लास उलटा फिरवून ठेव. उद्या बघू."

वकील उठली. तिनं ग्लास दोन्ही हातांनी धरून सावकाश फिरवला, रोपाची मान उजेडाकडून वर्गाकडे आली. मग ती क्षणभर थांबली, आणि पेन्सिलनं ग्लासाखालच्या कट्ट्यावर, रोपाच्या मानेच्या सरळ रेषेत, एक बारीक खूण केली.